जिथे कॉफीचं एक झाड नाही असं कॉफीचं गाव: काम्पो मायोर (पोर्तुगाल-स्पेन सीमा)

टॅगसकाठचा

मंडळी, मागे पोर्तुगीज पासपोर्टच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की लिस्बन-पोर्तो सोडलं तर आतल्या पोर्तुगालमध्ये लोक जगतात तरी कशावर. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, आता वेगळा धागा काढतोय. सगळ्या ग्रामीण पोर्तुगालबद्दल लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही, पण एका गावाबद्दल भरपूर बोलू शकतो, आणि ते गाव म्हणजे काम्पो मायोर.

आलेंतेजो प्रांत, पोर्तालेग्रे जिल्हा, वस्ती साधारण आठ हजार. स्पेनचं बादाखोस शहर गाडीने वीसेक मिनिटांवर, आपल्या बाजूचं एल्वासही तितकंच. आजूबाजूला ऑलिव्ह, द्राक्ष, ओकची झाडं आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर जाणारं तापमान. कॉफीचं एक झाड इथे जगणार नाही. पण पोर्तुगालमध्ये कुठल्याही टपरीवजा कॅफेत जाऊन बसा, कपावर आणि साखरेच्या पुडीवर डेल्टा कंपनीचा त्रिकोण दिसणारच, आणि ही डेल्टा लिस्बनची नाही की पोर्तोची नाही, या आडगावातली आहे. आजही तिचं मुख्यालय तिथेच आहे.

का? तर सीमा. माझं ठाम मत आहे की या गावाने गहू पिकवला, ऑलिव्ह पिकवले, पण पोट भरलं ते सीमेने.

आधी थोडा इतिहास, कंटाळा आला तर खाली उतरा. गाव पोर्तुगालकडे आलं १२९७ च्या आल्कान्यिसेसच्या तहात, राजा दिनिशच्या काळात. त्याने लगेच किल्ला बांधायला घेतला कारण समोर कास्तिय, म्हणजे तेव्हाचं शेजारचं स्पॅनिश राज्य. पुढची पाचशे-सहाशे वर्षं ठरलेला कार्यक्रम, लिस्बन-माद्रिदचं बिनसलं की पहिला तोफगोळा इथे पडायचा. १६४० नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धात तटबंदी वाढवली, १७१२ मध्ये स्पॅनिश वेढा परतवला, १८०१ मध्ये हार मानावी लागली, १८११ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा मूठभर शिबंदी घेऊन मेजर तालाया नावाच्या माणसाने बरेच दिवस फ्रेंचांना झुंजवलं.

पण गावाची सगळ्यात मोठी वाताहत शत्रूने केलेली नाहीये. १६ सप्टेंबर १७३२ च्या पहाटे किल्ल्यातल्या दारूकोठारावर वीज पडली. कोठार गावाच्या डोक्यावर, त्यामुळे स्फोटात शेकडो घरं गेली, माणसं किती गेली ते विचारू नका. नंतर १७६६ मध्ये त्या हाडांची एक छोटी चॅपल बांधली, मुख्य चर्चला लागून आहे, भिंतीभर कवट्या आणि हाडं चुन्यात बसवलेली. एवोराची हाडांची चॅपल सगळ्यांना माहीत असते, तिथे तिकिटाची रांग असते. इथली लहान आहे, आणि तिच्यातली माणसं कोण होती हे गावाला माहीत आहे हा फरक.

आता तस्करीकडे येतो पण पोरांना शाळेतून आणायची वेळ झालीय. पुढचं रात्री.

---

मीनल_७

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. डेल्टाची कॉफी आमच्याकडे पॅरिसमध्ये पोर्तुगीज दुकानात मिळते, मला इतकी वर्षं वाटत होतं ब्राझीलची कंपनी आहे :))

---

फुकटचा_सल्लागार

वाह! पण भाऊ "पोट भरलं ते सीमेने" हे जरा फिल्मी नाही का वाटत, गव्हाचा प्रदेश आहे ना तो? आलेंतेजोला पोर्तुगालचं धान्याचं कोठार म्हणतात असं वाचलंय.

---

टॅगसकाठचा

@फुकटचा_सल्लागार, कोठार होतं हो, पण कोठाराची किल्ली कुणाकडे होती ते बघा. आलेंतेजोत जमीन म्हणजे लातिफुंदियो, हजारो एकरांचे मळे आणि मालक बऱ्याचदा लिस्बनला. गावातला माणूस रोजंदारीवर, पेरणीला काम, कापणीला काम, हिवाळ्यात ऑलिव्ह झोडपायला काम, मधे हात रिकामे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या आधीच्या लष्करी राजवटीने १९२९ मध्ये "गव्हाची मोहीम" काढली, सरकार भाव बांधून देतंय म्हटल्यावर मालकांनी हलक्या माळरानावरही गहू पेरला, काही वर्षं पीक आलं आणि मग माती झिजली. मजुराच्या हातात त्यातलं काही आलं नाही. म्हणून म्हणतो, जमीन होती पण ती गावाची नव्हती. सीमा मात्र कुणाच्याही मालकीची नव्हती, ज्याचे पाय मजबूत त्याची.

आता कॉफी. स्पेनमध्ये १९३६ ते ३९ यादवी युद्ध, मग फ्रँकोची राजवट, रेशनकार्डं थेट १९५२ पर्यंत. परकीय चलन नाही, त्यामुळे कॉफीची आयात आटलेली, लोक भाजलेलं जव आणि चिकोरी उकळून पितायत. आणि नदीच्या अलीकडे पोर्तुगाल, ज्याच्याकडे अंगोला, साओ तोमे, तिमोर या वसाहती, कॉफीला तोटा नाही. एका बाजूला माल तुंबलेला, दुसऱ्या बाजूला घसा कोरडा, मधे रात्री चालत ओलांडता येईल इतकी सीमा. यावर धंदा उभा राहणार नाही तर काय!

यातली गंमत अशी की पोर्तुगीज बाजूला निम्म्याहून जास्त काम कायदेशीर होतं. हिरवी कॉफी लिस्बनच्या बंदरातून कागदोपत्री विकत घ्यायची, काम्पो मायोरमध्ये भाजायची, गावातच विकायची, हिशेब चोख. विकत घेणारा माणूस ते पोतं घेऊन कुठे जातो हे भट्टीवाल्याने कशाला विचारावं? गुन्हा सुरू व्हायचा गावाबाहेर अंधार पडल्यावर. पाठीवर पंचवीस-तीस किलोचं ओझं, आठ-दहा जणांची रांग, रस्ता टाळून शेतातून आणि ओढ्यातून. पोर्तुगालचे गुआर्दा फिस्काल म्हणजे जकात-सीमेचे शिपाई एकीकडे, स्पेनचे गुआर्दिया सिव्हिल म्हणजे सशस्त्र पोलीस दुसरीकडे. पोर्तुगीज शिपाई बहुतेक वेळा काणाडोळा करायचा, त्याचाही पगार तुटपुंजा आणि त्याचीही सासुरवाडी गावातच. पलीकडचे मात्र गोळी घालायचे. ओझं टाकून पळालात तर जीव वाचला पण माल गेला, आणि माल उधारीवर असेल तर पुढचे कित्येक फेरे फुकट.

परत येताना रिकाम्या हाताने कोण येतंय? कॉर्डरॉयचं कापड, दोरीच्या तळव्याचे बूट असा माल इकडे यायचा. बायकाही असायच्या यात, झग्याच्या आत कप्पे शिवून थोडी थोडी कॉफी न्यायच्या.

आणि एक तांत्रिक गोष्ट, कॉफीवाल्यांसाठी. स्पेनला जाणारी कॉफी बहुतेक तोर्रेफाक्तो पद्धतीने भाजलेली असायची, म्हणजे भाजणं संपत आलं की भट्टीत साखर घालायची, ती वितळून जळते आणि दाण्यावर काळाकुळकुळीत चकचकीत लेप बसतो. दाणा टिकतो, वजन वाढतं आणि रोबस्टा जातीचा हलका दाणा असला तरी कडवटपणात खपून जातो. भट्टी म्हणजे लोखंडी गोळा, विस्तवावर हाताने फिरवायचा. स्पेनमध्ये आजही सुपरमार्केटात "मेझक्ला" म्हणून साधी आणि तोर्रेफाक्तो मिसळलेली कॉफी मिळते, ज्या पिढीने अशी कॉफी प्यायली तिला तीच चव लागते.

---

सावंतवाडीकर

टॅगसकाठचा, हे वाचताना अंगावर काटा आला कारण आमच्या आजोबांच्या तोंडून हेच ऐकलंय, फक्त कॉफीच्या जागी दारू, घड्याळं आणि सोनं. मुंबई राज्यात दारूबंदी, गोव्यात पोर्तुगीज, तिथे बाहेरचा माल खुल्लमखुल्ला. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा उलट दिशेनेही सुरू झालं, इकडून भाजीपाला, कांदेबटाटे तिकडे. बांद्याच्या पुढे रानातून वाटा होत्या त्या सगळ्यांना ठाऊक. म्हणजे तोच सालाझार, तेच राज्य, दोन टोकांना दोन सीमा आणि दोन्हीकडे माणसं रात्रीची चालतायत.

---

पणजीची_पोर

+१ सावंतवाडीकर. आमच्याकडे त्या काळातल्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं अजून आवाज बारीक करतात.

टॅगसकाठचा दादा, डेल्टाचं सांगा ना आता. कोण माणूस तो?

---

टॅगसकाठचा

रुई नाबेरो. जन्म २८ मार्च १९३१, काम्पो मायोरमध्येच. घर गरीब, शाळा चौथीपर्यंतच, पोरवयातच कामाला लागला. काकांची "कामेलो" नावाची कॉफी भाजायची भट्टी होती, वडील गेल्यावर विशीही गाठलेली नव्हती तेव्हा हा तिथे कारभार बघायला लागला. त्या काळातलं गिऱ्हाईक कुठलं हे वर सांगितलंच. म्हातारपणीच्या मुलाखतींमध्ये त्याने हे कधी लपवलं नाही, उलट सीमेवर धंदा शिकलो असंच सांगायचा.

१९६१ मध्ये त्याने स्वतःची डेल्टा काढली. पन्नास चौरस मीटरचं गोदाम आणि तीस किलोच्या दोन गोळाभट्ट्या, बस. आणि माझ्या मते शहाणपणाचा निर्णय इथे आहे, त्याने तोंड फिरवलं. सगळा गाव स्पेनकडे बघत होता, हा देशातल्या देशात कॅफेवाल्यांकडे जायला लागला. नुसती कॉफी टाकून निघून जायचं नाही, मशीन द्यायचं, ते बिघडलं तर माणूस पाठवायचा, कप-बशा, साखरेच्या पुड्या, उधारी, सगळं. छोट्या कॅफेवाल्याला दुसरा पुरवठादार शोधायची गरजच ठेवायची नाही. आज पोर्तुगालमध्ये कॉफीत डेल्टा पहिल्या नंबरवर आहे ती या धोरणावर, चवीवर नाही असं मी म्हटलं तर इथले लोक मला मारतील, पण म्हणतो.

तस्करीचा काळ तसाही संपणार होता. स्पेन सुधारला, मग १ जानेवारी १९८६ ला दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय समुदायात गेले, १९९३ ला जकात संपली, त्याच वर्षी गुआर्दा फिस्काल हे दलच बरखास्त केलं, १९९५ ला शेंगेन, म्हणजे सीमेवरची पासपोर्ट तपासणीही गेली. सीमेवरची कितीतरी गावं या दहा वर्षांत बसली. जकातनाका गेला, दलाल गेले, टॉवेल-चादरी आणि कॉफी घ्यायला येणारे स्पॅनिश लोक कमी झाले, तरुण पोरं लिस्बन नाहीतर फ्रान्सला. काम्पो मायोरचा मात्र कारखाना तोपर्यंत उभा राहिला होता, त्यामुळे लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास टिकून आहे. आलेंतेजोच्या आतल्या भागात हे टिकून राहणं म्हणजे फार मोठी गोष्ट, शेजारचे तालुके बघवत नाहीत.

---

जुना_जाणता

लेख उत्तम पण मला दोन गोष्टी खटकल्या, रागावू नका.

एक, ही कॉफी स्वस्त का होती हे कोणीच बोलत नाहीये. अंगोलाच्या मळ्यांवर "कोंत्रातादो" म्हणजे जबरीने करार करून आणलेले मजूर राबत होते. १५ मार्च १९६१ ला उत्तर अंगोलात बंड झालं ते नेमकं कॉफीच्या मळ्यांत, गोरे मारले गेले आणि सूड म्हणून त्याच्या कितीतरी पट काळी माणसं. वेठबिगारीला आधार देणारा कायदा त्यानंतर रद्द झाला, त्याच वर्षी. म्हणजे डेल्टाच्या स्थापनेचं वर्ष, आणि गोवा गेलं तेही वर्ष. सीमेवरचा तस्कर गरीब बिचारा, मान्य, पण त्याच्या पाठीवरच्या पोत्यात दुसऱ्या गरिबाचा घाम होता.

दोन, एका घराण्याच्या जिवावर गाव म्हणजे गावाचं भलं झालं की गाव ताब्यात गेलं?

---

टॅगसकाठचा

@जुना_जाणता काका, पहिला मुद्दा शंभर टक्के. अंगोला सत्तरच्या सुरुवातीला जगातल्या पहिल्या चार कॉफी उत्पादकांत होता. १९७५ ला स्वातंत्र्य, लगेच यादवी, मळे ओस, आणि पोर्तुगालच्या भट्ट्यांना रातोरात ब्राझील वगैरे दुसरीकडून माल शोधावा लागला. ज्यांचं सगळं गणित वसाहतीच्या मालावर होतं ते यात बुडाले.

दुसऱ्या मुद्द्यावर मी कुंपणावर बसलेलो नाहीये, मला हे थोडं भीतीदायकच वाटतं. नाबेरो कारखान्याचा मालक, आणि त्याच वेळी १९७७ ते ८६ गावाचा नगराध्यक्ष, समाजवादी पक्षाकडून. मुलांसाठीचं शिक्षण केंद्र त्याच्या बायकोच्या नावाचं. वायनरी त्यांचीच, २००७ ची, ती तर सिझा व्हिएरा या नामवंत पोर्तुगीज वास्तुविशारदाने बांधलीय, पांढरी लांबलचक इमारत द्राक्षांच्या मळ्यात, आर्किटेक्चरवाले लोक ती बघायला म्हणून येतात. कॉफीचं विज्ञान केंद्र त्यांचं, हॉटेल, ऑलिव्ह तेल, गावातला फुटबॉल क्लबसुद्धा. १९ मार्च २०२३ ला माणूस गेला तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं होतं आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण उद्या नातवंडांपैकी कोणी म्हणालं की भाजायचं काम बंदराजवळ हलवलं तर वाहतूक स्वस्त पडेल, आणि खरंच पडेल हो, कारण हिरवी कॉफी जहाजाने येते आणि दोनशेच्या वर किलोमीटर आत आणून परत पाठवायची, मग? या गावाला कॉफीने धरून ठेवणारं भूगोलात आज काहीच नाही. होती ती सीमा, ती गेली. आता फक्त घराण्याची इच्छा.

---

इकॉनॉमिस्ट_आज्जी

मी चाळीस वर्षं बँकेत काढली म्हणून बोलते. वाहतूक एवढंच खर्चाचं गणित नसतं हो. शिकलेला कामगार, सर्व्हिसची माणसं, जमीन स्वस्त, नगरपालिका हाताशी, संप नाही, हे सगळं पत्रकावर दिसत नाही पण असतं. कारखाना उगाच नाही टिकत. आणि मालक गावातच राहत असेल तर नोकरीवरून काढताना दोनदा विचार करतो, कारण संध्याकाळी त्याच माणसाशेजारी चौकात कॉफी प्यायची असते.

जाणता काकांचं म्हणणं मात्र पटतं. अशा गावात मालकाविरुद्ध बोलणारा माणूस राहतो कुठे हे विचारायला पाहिजे. बोलत नसतील असं नाही, बोलणारे बाहेरगावी गेले असतील.

---

अवलिया

१९३६ बद्दल कोणीतरी लिहा. बादाखोसची कत्तल म्हणजे हीच सीमा ना?

---

टॅगसकाठचा

हो हीच. १४ ऑगस्ट १९३६, फ्रँकोच्या बाजूचं सैन्य, यागुए नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी, बादाखोसमध्ये घुसलं आणि पुढचे काही दिवस बुलरिंगमध्ये आणि स्मशानाच्या भिंतीला लावून माणसं मारली. आकड्यांवर इतिहासकार अजून भांडतात, पण हजारांत गेले हे नक्की. पोर्तुगीज पत्रकार मारियो नेव्हिस तिथे पोचला होता, त्याची शेवटची बातमी सालाझारच्या सेन्सॉरने अडवली, आणि तो माणूस बादाखोसला पुन्हा गेला तो थेट १९८२ मध्ये.

पळालेले लोक काया नदी ओलांडून एल्वास आणि काम्पो मायोरकडे आले. इथे गावाची दोन तोंडं दिसतात. लोकांनी घरात, मळ्यांत, गोठ्यांत लपवलं, खायला दिलं, कारण अर्ध्यांचे सोयरे पलीकडचेच. सालाझारच्या पोलिसांनी मात्र पकडून पकडून परत दिलं. बादाखोसचा महापौरसुद्धा इकडे पळून आला होता, त्यालाही परत केलं आणि काही दिवसांत गोळ्या घातल्या.

दक्षिणेला बार्रांकोसमध्ये उलटं घडलं. तिथला लेफ्टनंट सेइशास, सरकारी माणूस, याने निर्वासितांना सांभाळलं, अगदी वरिष्ठांपासून दडवून एक जादा छावणी चालवली, आणि शेवटी हजारावर लोक "न्यासा" जहाजाने लिस्बनहून तार्रागोनाला, म्हणजे फ्रँकोविरोधी प्रजासत्ताकाच्या बाजूला सुखरूप गेले. त्याला शिक्षा झाली ती वेगळीच.

मला वाटतं तस्करीच्या वाटा लोकांना इतक्या चोख माहीत होत्या त्याचं हेही एक कारण, आधी त्या वाटांनी माणसं आली, मग कॉफी गेली.

---

मीनल_७

बाप रे. हे सगळं एका आठ हजारांच्या गावात. जरा हलकं काहीतरी सांगा आता, फुलांचा सण म्हणतात तो हाच का? इन्स्टावर फोटो बघितलेत, अख्ख्या गल्ल्यांवर फुलांची छतं.

---

टॅगसकाठचा

हो तोच, फेश्ताश दो पोव्हो. फुलं कागदाची आहेत बरं का, खरी नाहीत!

सण ठरलेल्या तारखेला नसतो, ठरलेल्या वर्षीही नसतो. लोकांच्या मनात आलं तर होतो. २००४ नंतर थेट २०११, मग २०१५. प्रत्येक गल्लीचा एक म्होरक्या असतो, गल्लीने काय नक्षी करायची ते ठरतं आणि ते शेजारच्या गल्लीला कळू द्यायचं नाही. मग महिनोन् महिने रात्री जेवणं झाली की बायका, पोरं, म्हातारे बसून पातळ कागदाच्या पाकळ्या कापतात, कात्रीच्या पात्यावरून ओढून कड वळवतात, तारेला बांधतात, गुलाब वेगळा, ट्युलिप वेगळी, डाळिंबाचं फूल वेगळं. आणि सण उघडायच्या आदल्या रात्रीत सगळं एकदम टांगायचं, रात्रीत गाव बदलतं. सकाळी पहिल्यांदा आपल्याच गावात लोक पाहुण्यासारखे फिरतात. बायका टाळ-खंजिरीवर "सायाश" म्हणतात, उत्स्फूर्त चरण जोडत जायचे, एकीने टोमणा मारला की दुसरीने उत्तर द्यायचं. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला हा सण.

एक सर पडली की सगळं मातेरं, म्हणून ऑगस्टच्या अखेरीचा मुहूर्त. अर्थकारण म्हणून बघाल तर त्या आठ-नऊ दिवसांत लाखांनी माणूस येतं, पण फुलं करायला दिलेल्या हजारो तासांचे पैसे कोणी कोणाला देत नाही. मला गावाबद्दल आदर वाटतो तो या सणामुळे, कॉफीमुळे नाही. हे एक काम असं आहे की मालकाने सांगितलं म्हणून होत नाही आणि नको म्हणाला तर थांबतही नाही.

---

फुकटचा_सल्लागार

मी फिल्मी म्हटलं होतं ते शब्द मागे.

अवांतर: फुटबॉल क्लबबद्दल एक वाक्य टाकून पळालात, ते नाही चालणार. काम्पोमायोरेन्से! नव्वदच्या दशकात पहिल्या डिव्हिजनला खेळायचे, बेन्फिका आणि पोर्तो त्या गावात येऊन खेळून गेलेत. १९९९ ला पोर्तुगीज कपची फायनल, समोर बेइरा-मार, १-० ने हरले, आणि बेइरा-मार त्याच सीझनला लीगमधून खाली घसरले होते, म्हणजे नशीब बघा. २००१ ला हेही खाली आले आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर. घराण्याने पैसा आवरता घेतला म्हणतात. जाणता काकांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे बघा, क्लबपुरतं.

---

जुना_जाणता

अगदी. क्लब गेला तरी गाव राहिलं, कारखाना गेला तर राहणार नाही.

---

पणजीची_पोर

मला एक जोडायचंय. याच सीमेवर वर साठेक किलोमीटरवर कास्तेलो द व्हिद नावाचं गाव आहे, गार्सिया द ओर्ता तिथला. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा याचे आईबाप सीमा ओलांडून आले, पुढे पोर्तुगालनेही बाटवलं. हा डॉक्टर झाला, १५३४ मध्ये गोव्यात आला, १५६३ मध्ये गोव्यातच त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. मुंबई बेटसुद्धा त्याला भाडेपट्ट्याने दिलं होतं, त्याचं घर जिथे होतं तिथेच पुढे इंग्रजांचा किल्ला झाला! तो मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, आधी बहिणीला जिवंत जाळलं, १५६९ मध्ये, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोर त्याच्या नावाची बाग आहे, आम्ही तिथे भेळ खायचो, कोणाला पत्ता नसायचा कोण हा.

म्हणजे सीमेवरून नुसती कॉफी नाही, माणसंही जीव मुठीत धरून येत होती, चारशे वर्षं आधीपासून.

---

सावंतवाडीकर

पणजीची पोर, जबरदस्त माहिती. मुंबईचं माहीत नव्हतं.

धागाकर्ते, ओलिवेंसाचं काय प्रकरण आहे? नकाशात तिथे सीमा पक्की दाखवत नाहीत म्हणे.

---

टॅगसकाठचा

ओलिवेंसा पोर्तुगीज होतं, १८०१ च्या युद्धात, ज्यात काम्पो मायोरही पडलं होतं, स्पेनने घेतलं. काम्पो मायोर परत दिलं, ओलिवेंसा ठेवलं. १८१५ च्या व्हिएन्ना करारात परत द्यावं अशा अर्थाचं कलम आहे, स्पेन म्हणतं ती नुसती सदिच्छा होती, पोर्तुगालने हक्क कधी सोडला नाही, आणि दोघंही यावर आवाज चढवत नाहीत. ग्वादियाना नदीवरचा जुना पूल १७०९ पासून मोडका आहे तो आहेच, शेजारी नवा बांधला २००० साली. तिथल्या लोकांनी अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्वही घ्यायला सुरुवात केलीय, दोन्ही ठेवता येतं. आपल्या गोवेकरांसारखेच रांगेत, फरक एवढाच की यांना विमान नको, पूल ओलांडला की झालं.

---

इकॉनॉमिस्ट_आज्जी

आणि आज रोजच्या जगण्यात सीमा कशी आहे ते सांगा. आता तर काहीच फरक नसेल दोन्हीकडे?

---

टॅगसकाठचा

आहे हो आज्जी, आणि प्रवाह उलटा झालाय. पूर्वी स्पॅनिश लोक इकडे यायचे, आता पोर्तुगीज तिकडे जातात. पेट्रोल स्वस्त, गॅसचा सिलिंडर स्वस्त, करांचा फरक आहे. शनिवारी बादाखोसच्या मॉलमध्ये निम्म्या गाड्या पोर्तुगीज नंबरच्या. एल्वासच्या हॉस्पिटलमधला प्रसूती विभाग २००६ मध्ये बंद केला, बाळंतपणं फार कमी होतात म्हणून, आणि सरकारनेच बादाखोसच्या हॉस्पिटलशी करार केला, तेव्हापासून या भागातली कितीतरी पोरं जन्माने बादाखोसची आणि नागरिकत्वाने पोर्तुगीज. तेव्हा मोर्चे निघाले होते, आमची मुलं स्पेनमध्ये जन्माला घालायची का म्हणून, आता कोणी काही बोलत नाही कारण तिथली सोय चांगली आहे.

शेतीही बदलली. काया धरणाचं पाणी साठच्या दशकात आलं, जिथे पाणी तिथे आता ऑलिव्ह दाट ओळींमध्ये लावतात, आपल्या द्राक्षाच्या बागेसारखे, आणि मशीन वरून चालत जाऊन झोडपतं. पूर्वी ज्या कामाला अख्खं गाव लागायचं ते दोन माणसं करतात. उरलेल्या हंगामी कामाला आलेंतेजोभर आपले पंजाबी, नेपाळी, बांगलादेशी मजूर आलेत, दक्षिणेला जास्त, बेजा-ओदेमिराकडे.

२०२० मध्ये मार्च ते जून कोविडमुळे सीमा बंद झाली तेव्हा पहिल्यांदा तरुण पोरांनी सीमा बघितली. रस्त्यात सिमेंटचे ठोकळे. ज्यांची सासुरवाडी पलीकडे त्यांची पंचाईत, आणि म्हातारे सांगत होते आम्हाला विचारा कुठून जायचं ते.

---

मीनल_७

जायचं ठरवतेय पुढच्या वर्षी. लिस्बनहून कसं जायचं? गाडी न घेता जमेल का?

---

टॅगसकाठचा

लिस्बनहून एल्वासपर्यंत बस आहे, तिथून पुढे लोकल बस दिवसातून मोजक्याच, शनिवार-रविवारी त्याही धड नाहीत, तेव्हा टॅक्सी धरा. गाडी घेतलीत तर उगेला नक्की बघा, दहाएक किलोमीटरवर सीमेला चिकटलेला किल्ला आणि आत थोडीशी घरं, काही म्हाताऱ्यांची बोली निम्मी स्पॅनिश. जुलै-ऑगस्टात दुपारी एक ते चार बाहेर पडू नका, सगळं बंद असतं आणि ऊन भाजून काढतं. बादाखोसला जेवायला गेलात तर घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर परतीची बस चुकेल.

---

मीनल_७

धन्यवाद! आणि कॉफी कोणती घ्यायची?

---

टॅगसकाठचा

पोर्तुगालमध्ये बिका, म्हणजे एस्प्रेसो, मागा. तोर्रेफाक्तो चाखायची असेल तर बादाखोसमध्ये एखाद्या जुन्या बारमध्ये दूध घालून घ्या, काळी पिऊ नका, पोट जळेल.

---

अवलिया

मी काळीच पिणार.